काढणे

क्लाइव्ह हॅपगुडला श्वास रोखता येत नाही.
तंबाखूच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
फुप्फुसं तिथेच राहिली, म्हणतो.
काळ्या कापडाखाली डोकं घालून मी सांगते,
एक सेकंद. फक्त एकच सेकंद हलू नका.
काचेवर तो उलटा लटकलेला,
पायरी वर, धुराडं खाली,
मधोमध त्याचं हिरवं दार,
रेल्वेच्या यार्डातून आलेल्या रंगाचं,
ज्याचा हिशेब कुणी मागितला नाही.
दारावर थाप द्यायला पितळी मूठ.
बेरिलने आणली होती, लग्नाच्या वर्षी.

ईस्टन, ब्रिस्टल. उताराची गल्ली.
चौदा दारं काढली मी त्या वर्षी, माणसांसकट.
इसिल्डा ब्रिसेट बसली चर्चची टोपी घालून, मंगळवारी;
"मी बिचारी दिसले तर बघ, पोरी."
होदनने चेहरा दिला नाही, हात दिले,
वेलची निवडणारे.
खाली दुकानाचं नाव टाक म्हणाली, आणि स्पेलिंग नीट.
एकोणतीस नंबरच्या नव्या जोडप्याने
विचारलं, कुत्रा चालेल का?
चालला. सगळ्यांत स्थिर तोच बसला.

आमच्या भाषेत फोटो काढतात.
दिवसही काढतात. घर विकायला काढतात.
हे मी क्लाइव्हला सांगणार होते,
पण तो खोकत होता.

मार्चमध्ये पाटी लागली. घर मालकाचं, क्लाइव्हचं नव्हतंच कधी.
जूनमध्ये दार रस्त्यावरच्या लोखंडी पेटीत, आडवं,
वर फुटकं सिंक, ओल्या प्लास्टरच्या गोण्या.
मी त्याचाही फोटो काढला. प्रकाश चांगला होता.

नवं दार राखाडी आहे.
निम्मी गल्लीच आता राखाडी,
आभाळासारखी नव्हे, महागातली,
डब्यावर जिला काहीतरी गोड नाव असतं.

प्रिंट घेऊन किंग्जवुडला गेले, दोन बस बदलून.
वृद्धांसाठीचे फ्लॅट, तिसरा मजला. खुर्ची तीच.
फोटोत दाराची चीर न् चीर दिसते,
मुठीच्या बोटांमधला मळसुद्धा,
आणि दारापुढे, कॉलरच्या वर,
कुणीतरी पुसायला घेतल्यासारखा एक चेहरा.
तुम्ही हललात, मी म्हटलं, सॉरी.
त्याने चष्मा कपाळावर चढवला,
कागद नाकाजवळ नेला.
"दार झकास काढलंस."
मग खोकला. मग बराच वेळ नुसती
खालच्या बसची घरघर.
"ती मूठ तेवढी
काढून ठेवायला हवी होती गं कुणीतरी."