तिसरी माती

डावीकडे गहू, पार क्षितिजापर्यंत.
उजवीकडे पडीक. एक्याण्णवात ट्रॅक्टर गेले ते गेलेच,
आता तिथं झुसानची करडी झुडपं, बोटं चोळली तर कडू वास.
दोन्हीकडच्या नळ्या भरून झाल्या.
हवी होती तिसरी माती,
नांगर न पाहिलेली.

गावात विचारलं तर हसले.
"चोपन्न साली इथं चुली तेवढ्या सोडल्या," येरमुखान म्हणाला.
मग म्हातारी बालझान काठीनं टेकाड दाखवत म्हणाली,
"तिथं नाही नांगरलं.
तिथं माझे आजोबा आहेत."

ती सोबत आली. खाली बसली, ओंजळ उघडून पुटपुटली काही,
मग बोट ठेवलं: "इथं घ्या. पायाशी नको."

गव्हात आम्ही दोघं लोंबकळलो होतो गिरमिटाला.
इथं ते आपणहून उतरलं.
काळी. कोपरापर्यंत काळी, त्याखालीही काळी,
मेलेल्या मुळांना धरून जिवंत मुळं.

बालझाननं चिमूट उचलली, हुंगली.
"मी सात वर्षांची होते. तीन दिवसांत सगळी स्तेप हा रंग झाली,
आम्ही पोरं मागे धावत होतो.
पहिल्या वर्षी गहू माझ्या डोक्यावरून.
ट्रॅक्टरवाला ओस्ताप, पोल्तावाचा. सूर्यफुलाच्या बिया द्यायचा मूठभर.
चांगला होता हो."
आणि मग बराच वेळ काही नाही.

प्रयोगशाळेत आकडे आले.
टेकाडावर कर्ब चार पूर्णांक दोन. गव्हाखाली दोन पूर्णांक चार.
पडीक तीस वर्षं जमवतंय, अजून तीनही नाही.
कर्ब सुटला की नत्र राहत नाही मागे,
एक मेंढी कुंपणाबाहेर पडली की बाकीच्या कशाला थांबतील.
कर्ब हवेत गेला.
नत्र पोत्यांत बसून, रेल्वेनं, कुठल्या कुठल्या शहरांच्या पावांत.

फॉर्मवर रकाना होता: जमिनीचा वापर.
शेती, पडीक, कुरण, वन.
मी पेन धरून बसले.

निघताना ती म्हणाली होती,
"जेवढी नेता तेवढी परत आणा."
हो म्हटलं होतं मी, सहज,
मोजायचं तर माती जाळावी लागते हे तिला न सांगता:
कथलाच्या इवल्या डबीत, साडेनऊशे अंशांवर.

उरलेली पिशवी खिडकीत आहे. वर तिचं नाव.
उन्हाळ्यात जाईन.
चिमूटभर कमी भरेल.
तिच्या लक्षात येईल.