सत्तावीस

बांधावर मेंढ्या होत्या आणि चौदा माणसं.
पावणेसहा. वारा वायव्येचा, फार नाही.
मी एकेकाचे बूट तपासले:
घोट्याच्या वर हवेत, नाडीला दुहेरी गाठ,
हा गाळ घेतलेलं परत करत नाही.
उट्रेख्टच्या बँकेतले साहेब पांढरे, नवेकोरे घालून आले होते.
मी काही बोलले नाही. गाळ बोलेल.

ओहोटीचा तळ सव्वाआठला.
तोवर ही जमीन आपली, मग तिची ती.
हे मी दर वेळी सांगते
आणि दर वेळी कुणीतरी हसतं.

पहिला अर्धा तास समुद्राकडे कुणी बघत नाही.
सगळे पायांकडे.
पाय पोटरीपर्यंत रुततो, फस्सकन सुटतो,
दुसरा रुततो.
होल्वर्डच्या धक्क्यावर चाललेल्या गप्पा
(पार्किंगचे दर, कुणाचा तरी गुडघा)
एकेक करून बुडतात.

मग घट्ट वाळू लागते
आणि माणसं पुन्हा माणसं होतात.
अळ्यांनी वाळूवर कुरडया घालून ठेवलेल्या, हजारो,
नऊ वर्षांचा योरिट त्या चुकवत चालतो,
पापड ओलांडावेत तसा.
कालवफोड्या ओरडत जातो, लाल चोच पुढे करून,
उशीर झालेल्या पोस्टमनसारखा.
काठावर उगवलेली खारी काडी मी मोडून देते.
खा, म्हणते. सगळे आधी एकमेकांकडे बघतात.

माझी काठी वडिलांची.
डाउवे हूकेमा. चाळीस वर्षं कोळंबी धरली, पोहता येत नव्हतं.
काठीवर चाकूने पाडलेली एकच खाच:
ओढ्याचं पाणी हिच्या वर गेलं तर घरी.
आज पाणी खाचेच्या चार बोटं खाली.
आज सगळं बरोबर होतं.

आधी बेटावरचा दीपस्तंभ गेला.
मग बेट.
मग वाटेवरचे खांब, लांबून जवळ येत, एकामागून एक.
काठीवर धुक्यासाठी खाच नाही.

साहेबांनी फोन दाखवला: हा बघा निळा ठिपका,
हे आपण. आणखी पन्नास मिनिटं फक्त.
मी म्हटलं, ठिपका भिजत नाही.
आणि वळले.

पैसे, कुणीतरी म्हणालं. वर्षाची एकच सुट्टी, कुणीतरी.
मी होकायंत्र हातात घेतलं
आणि नंबर म्हणायला लावले, दर शंभर पावलांनी,
एक, दोन, तीन, योरिट चार, जोरात,
पांढऱ्यावर पांढरं, फक्त आकडे चाललेले.
अकरा.
अकरा.
बारा आलाच नाही.

बारा म्हणजे खेंटच्या मार्गा बाई, सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका.
दहा पावलं मागे उभ्या होत्या, मान तिरकी.
ओरडणार होते मी. त्यांनी बोट वर केलं, वर्गात करतात तसं.

चुरचुर.
आपल्या पायाखाली, सगळीकडे,
गरम तव्यावर मीठ टाकावं तशी, पण बारीक.
तांदळाएवढ्या झिंग्यांची, बिळात हालणाऱ्या,
मला माहीत होतं. मुलीला सांगितलंही होतं कधीतरी.
ऐकलं नव्हतं कित्येक वर्षांत;
मी नेहमी बोलत असते.

पंधरा जण आम्ही, समुद्राच्या तळाशी,
किती वेळ, ते नाही सांगता येत.
होकायंत्र थरथरत होतं. माझा हात असेल.

बारा, मार्गा बाई म्हणाल्या.
तेरा. चौदा.

नऊला बांध लागला. मेंढ्या तिथेच, चरत.
अर्धे पैसे परत, असा नियम आहे, मी वाचून दाखवला.
साहेबांनी पावती घेतली. एका पायात मोजा होता,
त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

अकराला धुकं उठलं.
बेट होतं तिथेच, छपरांसकट, धुतल्यासारखं स्वच्छ,
आणि मध्ये पाणी,
जणू तिथून कधी कुणी चाललंच नव्हतं.
सगळ्यांनी पाहिलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

नळाशी बूट रांगेत लावलेले.
मी पाइप सोडला, गाळ वाहू लागला,
सवयीने मोजले.
सत्तावीस.