जसं दिसेल तसं

सातारा रोडला, टायरच्या दुकानावर, दुसरा मजला.
रात्री दहा ते सकाळी सहा.
नोंदीला चौतीस पैसे, चुकीला दोन रुपये कपात.
तांबोळी मॅडमचा नियम एकच:
जसं दिसेल तसं टाका.
आपल्या मनाचं काही घालू नका.

विलायतेतल्या कुठल्याशा खेड्यातल्या चर्चची वही.
शाई चहाच्या डागासारखी,
पाद्र्याचं अक्षर असं, की आमच्या तलाठ्याची आठवण यावी.

आधी हसलोच आम्ही.
आडनाव पिजन. नाव जॉब.
‘नोकरी कबुतर’, म्हणाला शेजारचा गजेंद्र,
आणि पाणी प्यायला उठला.
मी पुढचं पान उघडलं.

लग्न, अठराशे एकोणतीस.
जॉब मजूर. केझायाच्या धंद्याला रकानाच नाही.
सहीच्या जागी दोघांची फुली.
तिच्या फुलीचं एक टोक लांब गेलेलं,
जणू हात उचलायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग हॅना. बारसं मार्चमध्ये.
दफनाच्या वहीत हॅना, वय तीन आठवडे.
मग पुन्हा हॅना.
मला वाटलं, तीच नोंद दोनदा आली,
मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, तारीख बघ.
दुसरी हॅना, वय दोन वर्षं, दफन.
मग तिसरी.

आमच्याकडे मुलं जगेनात
की पुढच्याचं नाव धोंडी ठेवत, कचरू ठेवत,
म्हणजे मरणाने नाक मुरडून पुढे जावं.
यांनी तेच नाव पुन्हा पुन्हा दारात उभं केलं.
कुणाचं खरं, कोण जाणे.

जॉब, वय छत्तीस, दफन.
राहण्याचं ठिकाण: युनियन हाउस.
मी गजेंद्रला म्हटलं, बघ, शेवटी चांगल्या घरात गेला.
त्याने मोबाइलवर शोधून दाखवलं.
गरिबांना कोंडून राबवायची जागा होती ती.
नवरा एकीकडे, बायको एकीकडे, पोरं तिसरीकडे.
मी जसं दिसलं तसं टाकलं.

तीन वर्षांनी केझाया परत येते, मुलाच्या बारशाला.
बापाच्या रकान्यात रेघ.
पाद्र्याने इतकी दाबून ओढलेली
की मागच्या बाजूनेही वाचता येते.

मागच्या उन्हाळ्यात, भावाच्या जात पडताळणीसाठी,
भोरच्या तहसीलात आठ खेपा घातल्या होत्या मी.
कोतवाल बुक. मोडी. वाचणाऱ्याने पंधराशे घेतले.
बोट ठेवून त्याने वाचलं:
‘धोंडी बिन कचरू यास मुलगी झाली.’
धोंडी म्हणजे माझे पणजोबा.
खाली चार ओळी सोडून:
‘सदर मुलगी मयत. ताप.’
नाव नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं बहुतेक.
मीही नाही विचारलं.
आम्हाला फक्त जातीचा रकाना हवा होता.
झेरॉक्स, सही, शिक्का,
दोनची एसटी मिळाली म्हणून खूश होते मी.

आज पहाटे चारला, केझायाच्या फुलीपाशी थांबून,
ती आठवली.
आकड्यांचा वेग खाली गेला, पडदा लाल झाला,
मॅडमनी लांबूनच विचारलं, झोप आली का?

सकाळी घरी आईला म्हटलं,
आबांना मोठी बहीण होती, माहीत होतं?
‘असेल,’ म्हणाली,
आणि चहात आलं किसत राहिली.
मग थोड्या वेळाने, गॅस बंद करून,
‘कुणाकडे गेली होती अंगावरनं?’
अंगावरनं म्हणजे चेहऱ्यावरनं.
वहीत ते नसतं, मी म्हटलं.

तिसरी हॅना दफनाच्या वहीत सापडली नाही,
पान एकशे बारापर्यंत तरी नाही.
पुढचा गठ्ठा इंदूरच्या टीमकडे गेला.