चौथा रकाना

अक्षरामागे दीड रुपया. आकड्यांचे वेगळे नाहीत.
कुहीच्या बाजारातून निळा ऑइलपेंट आणला, अर्धा लिटर,
ब्रश घरचाच, बहिणीच्या लग्नातला.
ग्रामपंचायतीच्या भिंतीला आधी चुना,
मग सुतळीला नीळ लावून ताणली आणि सोडली.
टप्प.
एवढीच रेघ या कामात सरळ येते.

वर मोठ्यानं लिहिलं: मृद व जलसंधारण.
जागेचा अंदाज चुकला,
शेवटचा ण दाराच्या चौकटीवर चढून बसला.
सरपंच म्हणाले, राहू दे, नागपूरहून साहेब येणार आहेत
ते खालचं वाचतील.

खाली: लाभार्थी. काम. रक्कम.
आणि यंदा वरूनच आलेला
चौथा रकाना: जिवंत झाडे.

कवडू लांजेवार, शेततळे.
मंसाराम वैरागडे, धुऱ्यावर बांबू.
फागो ठवकर, दगडी बांध, सव्वीस हजार चारशे.
रंग ओला असतानाच लोक वाचायला उभे राहतात,
आपली रक्कम नाही, शेजाऱ्याची.
"याले एवढे? माहा धुरा तं याच्याहून लांब हाय."
मी शिडीवर. माझ्या पाठीला सगळं ऐकू येतं.

मला शेतंही माहीत आहेत.
पाट्या रंगवायला मीच जातो ना.
कवडूच्या तळ्याच्या काठावर टिटवीनं अंडी घातली होती,
पाणी नव्हतं, पण ती तळ्याच्या बाजूनं ओरडत होती.
फोटोतले अक्षांश-रेखांश खरे असतात,
कास्तकार खरा असतो, त्याच्या हातातली पाटी माझी असते,
फक्त रोपटं कधीकधी
पलीकडच्या वावरातून तासाभरासाठी आलेलं असतं.

दुपारी पंचफुला तितरमारे आली.
सासऱ्याच्या नावावरची जमीन दोन वर्षांपूर्वी तिच्या नावावर झाली,
दोनशे रोपं लावली, करंज, कडुनिंब, सीताफळ,
पहिला हप्ता मिळाला. दुसऱ्यासाठी
पाऊण झाडं जगलेली लागतात.
माझ्या हातातल्या कागदावर तिच्यापुढे होतं १६०.

शिडीखालून म्हणाली, "एकसष्ट लिही."
म्हटलं, कागदावर एकशे साठ आहे.
"काल मोजले मी. बकऱ्यांनी खाल्ले, काही वाळले.
एकसष्ट."
म्हटलं, बाई, मग पैसे थांबतील.
"थांबू दे ना बाप्पा.
भिंत माह्या दारासमोर हाय.
साहेब एकदा पाहून जाईन,
मले रोज दिसन."

ब्रश हातात तसाच. निळा थेंब कोपरापर्यंत आला.
माझ्या हाताला दोन्हीत फरक कितीसा,
तोच एक, तोच सहा,
आणि एक शून्य, ज्याचे मला पैसे मिळत नाहीत.

सरपंच आत फोनवर होते.
मी तो घर रंगानं भरलाच नाही.
शाळेच्या पोरीकडून खडू मागितला
आणि ६१ लिहिलं, जरा तिरकं,
खडू चुन्यावर नीट उमटत नाही.

पुढल्या गुरुवारी उरलेले पैसे मागायला गेलो.
सरपंच म्हणाले, एक घर अर्धवट ठेवलास, त्याचे कापतो.
म्हटलं, कापा.
आकड्यांचे तसेही नव्हतेच.

बाहेर येऊन भिंत पाहिली.
साहेब येऊन गेले होते, चौकटीवरच्या ण ला
कुणाचा तरी खांदा घासलेला.
पंचफुलाचे ६१ पुसून तिथं ६४ होतं,
तिच्याच हाताचं असावं, चारचा आकडा उलट्या गाठीसारखा.
तीन करंज बुडातून फुटले म्हणे,
मेले समजून सोडले होते ते.

आणि वर, कवडूच्या पक्क्या निळ्या आकड्यावर
कुणीतरी नखानं ओरखडा काढलेला.
कवडूनं की त्याच्या शेजाऱ्यानं,
रंगावरून ते कळत नाही.