फरकाचा फरक

रात्रशाळेतला शेवटचा तास. पावणेदहा.
फळ्यावर मी त्रैराशिक मांडते:
पाच किलो गव्हाला इतके, तर दहा किलोला किती?
दुप्पट, म्हणतात सगळे.
दुप्पट शिकवावी लागत नाही,
ती बाजारातूनच शिकून आलेली असतात माणसं.

मागच्या बाकावर दस्तगीर मणेर,
वय एक्केचाळीस, दहावीला तिसऱ्यांदा,
नाना पेठेत दुचाक्यांचे ब्रेक लायनर बदलतो.
पेरांत काळी भुकटी मुरलेली, म्हणून
वही नेहमी कोपऱ्याला धरतो.
"बाई," म्हणाला, "ब्रेकला हे लागू पडत नाही."

"मोजून आणा," मी म्हटलं.
(खरं तर मी घड्याळ बघत होते.)

मंगळवारी त्याने आणलं,
लायनरच्या खोक्याच्या आतल्या बाजूवर लिहून:
रेसकोर्समागचा रस्ता, रात्री साडेअकरा,
गाडी एकच, रस्ता कोरडा, मोजायला मेव्हणा.
विसाच्या वेगाला ब्रेक दाबल्यावर चार पावलं.
तिसाला नऊ.
चाळिसाला सोळा.
पन्नासला सव्वीस. पुढे बारीक अक्षरात:
मेव्हणा हसत होता.

आलेख कागद काढला. ठिपके दिले.
पट्टी ठेवली तर पहिले दोन शहाण्यासारखे बसले.
कुठल्याही दोन ठिपक्यांना पट्टी मिळतेच,
तिसऱ्याला विचारल्याशिवाय रेषेवर विश्वास ठेवू नये,
हे मी वीस वर्षं सांगत आलेय,
त्या रात्री मला ते पहिल्यांदा ऐकू आलं.
तिसरा पट्टीच्या वर होता.
चौथा तर पट्टीला ओळखतच नव्हता.

"म्हणजे दुप्पट होत नसेल तर वाकडं?"
नाही. रिक्षाचं मीटर बघा,
बसल्या जागी भाडं पडतं,
चार किलोमीटरचं आठला दुप्पट होत नाही,
तरी ते सरळच वाढतं, दर किलोमीटरला तेवढंच.
म्हणून वजाबाकी करा, शेजाऱ्यातून शेजारी.
पाच. सात. दहा.
सारख्या आल्या असत्या तर रेषा होती.
आता या वजाबाक्यांची वजाबाकी.
दोन. तीन.
"तो तीन मेव्हण्याचा," दस्तगीर म्हणाला.
"दोनच असणार."

फळ्यावर लिहिलं: वेगाचा वर्ग.
"आपला वर्ग?" कुणीतरी, आणि सगळे हसले.

साठला किती?
पंचवीस धरा, त्यात अकरा.
छत्तीस.
साठला गाडी कुणीच नेली नव्हती,
आणि ही छत्तीस पावलं
खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली नव्हती,
तरी ती होती.

दस्तगीर उठला, फळ्याला पाठ लावली
आणि चालू लागला, मोठ्याने मोजत.
अकराला दार. आमचा वर्ग वर्गात मावला नाही.
एकोणिसाला पाण्याची टाकी,
सत्तावीसला फाटक, तिथे पानसे शिपाई किल्ल्या घेऊन उभा,
मग रस्ता,
मग पलीकडे बंद पिठाच्या गिरणीची पायरी.
"इथे!" तिकडून ओरडला,
आणि आमच्या दोघांमधून
एक पोरगा बुलेटवरून सुसाट गेला
भवानी पेठेच्या दिशेने.
त्याच्यापुढचा मोकळा रस्ता
आम्ही सगळे बघत राहिलो, बाराजण,
त्याच्याकडे नाही, त्याच्यापुढे.

निघताना माझ्या स्कूटरपाशी तो उकिडवा बसला,
मागचं चाक हाताने फिरवलं, कान लावला.
"लायनर संपलाय. शनिवारी बदलतो.
तोवर विसाच्या वर नको, बाई.
याला तुमचं कोष्टक लागू नाही."
पैसे विचारले, तर म्हणाला, छत्तीस रुपये.

घरी जाताना पुलावर गार वारा होता.
काटा अठराला.
पूर्वी मला तिथे फक्त आकडा दिसायचा.
मागून हॉर्न वाजत होते,
मी मनातल्या मनात पावलं टाकत
हळूच चालले होते,
माझ्यापुढे, माझ्या आधी.