गाबोळी

समुद्र वीजबिलांचा, अक्षरं खाली, कोरी बाजू वर.
ससून डॉकच्या बोटी चपलांच्या खोक्यांतून.
सुरमई मात्र गिरगावच्या छापखान्यात
उरल्यासुरल्या लग्नपत्रिकांची, चंदेरी.
खळ मैद्याची; बोटं अजून चिकट.

शब्द एकही नको, असं ठरलेलं.

पहिली वाचक भार्गवी वेसावकर, वय सहा.
भराभर पानं उलटत गेली, मग अडली:
सुरमईच्या पोटाशी
सोनेरी ‘श्री’ची वेलांटी,
माझ्या कात्रीतून निसटलेली.
मी ओशाळलो. आता विचारेल, काय लिहिलंय?

तिथेच बोट ठेवून म्हणाली,
“गाबोळी भरलीय हिला.
हिला कशाला धरतायत?”

रात्री पुढच्या पानावरचं
पतंगाच्या कागदाचं जाळं
ओल्या फडक्याने सोडवलं,
एका कोपऱ्यात
हातानेच फाडलं,
परत चिकटवलं.