चोवीस महिन्यांचा करार

दुकानातला मिसरी पोरगा विचारतो, स्पीड किती हवा?
मी म्हणतो, स्पीडचं राहू दे, पिंग सांग.
तो हसतो. त्याच्या छापील कागदावर
पिंगचा रकानाच नाही.

स्पीड म्हणजे नळ किती जाड.
पिंग म्हणजे हाक मारल्यावर
पलीकडून ‘ओ’ यायला लागणारा वेळ.
हे सांगायला गेलो खरा,
पण माझ्या तोडक्या अरबीत
‘ओ’ला शब्द सापडेना.

फायबर महबूल्यात आमच्या इमारतीपर्यंत आलेलंच नाही.
रस्त्यापलीकडच्या व्हिलांना शिवून ते मागे वळलं.
आमच्या वाट्याला सिमकार्डाचा पांढरा डबा
आणि चोवीस महिन्यांचा करार.
सिव्हिल आयडी मशीनवर ठेवून पोरगा थबकतो:
तुझा इकामा तर चौदा महिन्यांत संपतोय.
मग वरचे दहा महिने
कुणाच्या नावानं खेळणार होतो मी?
शेवटी परकारभाईंच्या नावावर घेतलं.
त्यांचा इकामा अजून सव्वादोन वर्षं चालेल,
गुडघे चालले तर.

डबा कुठे ठेवायचा यात दोन रात्री गेल्या.
स्वयंपाकघरात एसीचं धूड आडवं येतं.
बाथरूमच्या उंबऱ्यावर फार सुरेख,
पण मग दार लावायचं कसं.
उरली खिडकी, गवसांच्या खाटेवरची,
जिथून पाण्याच्या टाक्यांमागे
टॉवरची लाल टिकली दिसते.
गवसांनी न बोलता उशी पायथ्याला नेली.
तेव्हापासून चार हिरवे दिवे
रात्रभर त्यांच्या पावलांवर.

बहरीनचा सर्व्हर धरला की एकवीस.
मुंबईचा धरला की शहाण्णव.
एकवीसवर मी देव असतो,
आणि जालन्याचा बंड्या, परतूरचा वाजिद
चिखलातून चालल्यासारखे मागे राहतात.
एकट्यानं देव होऊन काय करायचं?
म्हणून शहाण्णव.
मधला समुद्र काही
डबा बदलून अरुंद होत नाही.

गुरुवारी रात्री शेवटच्या वर्तुळात आम्ही तिघे जिवंत,
आणि पिंग तीनशे चाळीस.
मी झाडामागे, माझी गोळी अजून वाटेतच.
मोडेमचं पान उघडलं, कोण खातंय बघायला.
गवसांचा फोन. अडीच तास. सलग.
नावापुढे एक बटण: मर्यादा घालायची?
मी उठलो. बटणापेक्षा
तोंडावर बोलावं म्हटलं.

गवस झोपलेले.
फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, चालू.
पडद्यावर माणूस नव्हतं.
शिवणयंत्र, वरचा दिवा,
आणि सरकत जाणारी
मोरपिशी कापडाची कड.
आवाज बंद. तिकडे दोन वाजून गेलेले,
लग्नसराईचे ब्लाऊज असणार.
मधेच एक हात यायचा,
बोटाला चिंधी बांधलेली.

मग ती दोरा तोडायला वाकली
आणि मी दिसलो.
दचकली नाही.
चिंधीचं बोट ओठांवर ठेवलं,
डोळ्यांनीच सांगितलं: नुकताच लागलाय डोळा.

परत येईतो मी मेलो होतो.
बंड्या शिव्या घालत होता,
त्याही उशिरा पोचत होत्या.
पान उघडंच होतं. मर्यादा घालायची?
ते तसंच विचारत राहिलं,
मग कंटाळून आपणच मिटलं.

शुक्रवारी मासे साफ करता करता गवस म्हणाले,
नवा डबा बरा चालतो ना रे तुझ्या खेळाला?
म्हटलं, अडतो जरा रात्रीचा.
ते म्हणाले, काय सांगतोस?
आमच्याकडे तर
एकदासुद्धा तुटला नाही.